अडगळीतून फर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या दाराचं टेबल, ट्रंकेचा बाक, शिलाई मशीनच्या स्टँडवर लिहायची जागा असले उद्योग मी गेली काही वर्षं घरीच करते. सुतारकामाचं शिक्षण घेतलेलं नाही. जे येतं ते लाकूड वाया घालवून आलेलं आहे. ओळखीचे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची नीट लिहून काढली.

आधी डिझाइन ठरवायचं की आधी वस्तू शोधायची?

आधी वस्तू. फोटो पाहून "मला अगदी अस्संच हवंय" म्हणत सुरुवात केली, की जुन्या सामानाशी भांडण ठरलेलं. त्याची मापं आधीच ठरलेली असतात, भोकं आधीच पडलेली असतात आणि ताकदही एका ठरावीक दिशेलाच असते. वस्तू समोर ठेवायची आणि एकच प्रश्न विचारायचा: यावर वजन ठेवलं तर ते कुठल्या वाटेने जमिनीपर्यंत जाणार? फळीतून पट्टीत, पट्टीतून पायात, पायातून खाली, अशी वाट बोटाने दाखवता आली तर काम होईल. बोट मध्येच एखाद्या स्क्रूपाशी किंवा गोंदाच्या रेघेपाशी अडलं, तर फर्निचरही तिथेच मोडणार. रंगरूपाचा विचार त्यानंतर.

हे सगळं अलीकडचं खूळ आहे का?

'अपसायकलिंग', म्हणजे टाकाऊतून टिकाऊ करणं, हा शब्द १९९४च्या आसपासचा, जर्मन अभियंता रायनर पिल्झ यांच्या नावावर नोंदला जाणारा. काम मात्र जुनंच आहे. डच वास्तुकार गेरिट रिटवेल्ड यांनी १९३४मध्ये मालाच्या खोक्यांना वापरतात तसल्या साध्या फळ्यांची खुर्ची केली. इटलीच्या कास्तिल्योनी बंधूंनी १९५७मध्ये ट्रॅक्टरची पत्र्याची सीट लवचिक दांड्यावर बसवून स्टूल केलं. १९९१मध्ये तेयो रेमी या डच डिझायनरने टाकून दिलेले वेगवेगळे ड्रॉवर गोळा केले, त्यांना नवी खोकी बसवली आणि सगळा ढीग एका पट्ट्याने आवळून कपाट म्हणून उभा केला. आता यातली काही संग्रहालयांत आहेत. तुमचं स्टूल तिथे जाणार नाही, पण घरचे हसले तर ही उदाहरणं तोंडावर फेकायला बरी.

कोणती हत्यारं लागतात?

वाटतात त्यापेक्षा कमी. हातकरवत, हातोडी, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, काटकोन तपासायचा गुण्या, मोजपट्टी, ड्रिल आणि गोंद सुकेपर्यंत लाकूड धरून ठेवायला तीन-चार क्लॅम्प. पैसे वाचवायचे तर करवतीत वाचवा, क्लॅम्पमध्ये नको. सँडपेपर ८०, १२० आणि २२० नंबरचे घ्या. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. ८०वरून एकदम २२०वर उडी मारली, तर ८०चे ओरखडे पॉलिशखाली उठून दिसतात. धुळीचा मास्क आणि चष्मा हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचं कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९५मध्येच जाहीर केलं आहे. तोंडाला रुमाल बांधला म्हणजे मास्क होत नाही.

घरातल्या कोणत्या जुन्या वस्तू खरोखर कामाला येतात?

पहिला नंबर पलंगाचा. पलंगाच्या बाजूच्या लांब पट्ट्या बहुधा सरळ, जाड आणि सुकलेल्या लाकडाच्या असतात. एका जुन्या पलंगात बाकाचा सगळा सांगाडा निघतो. त्याखालोखाल भरीव दारं, ड्रॉवर, लोखंडी स्टँड, पत्र्याच्या ट्रंका. खिडकीच्या चौकटीही चालतात, पण काच काढून. जुनी साधी काच फुटली की तिचे भाल्यासारखे तुकडे होतात, त्यामुळे टेबलाच्या वरच्या भागाला ती नकोच. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच घेणार असाल तर ती जशी आहे तशीच वापरावी लागते. कापायला गेलात की सगळीचा चुरा होतो.

दारांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी स्वतः फसले आहे. गुळगुळीत फ्लश दार उचललं तेव्हा हलकं लागलं. मला आनंद झाला, टेबल सहज हलवता येईल म्हणून! लांबी वीस सेंटिमीटरने कमी करायची होती. करवत पहिले तीन-चार सेंटिमीटर कुरकुरत गेली आणि एकदम सैल पडली. वाकून आत पाहिलं, तर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पुठ्ठ्याची जाळी. अशी हलकी फ्लश दारं आतून पोकळच असतात. कडेने लाकडाची चौकट, कुलपाच्या जागी एक ठोकळा, वरून पातळ प्लाय, बस्स. मी नेमकी चौकटच कापून टाकली होती. कापलेल्या तोंडातली जाळी दोन बोटं मागे सारली, पोकळीच्या मापाची लाकडी पट्टी गोंद लावून आत ठोकली, तेव्हा ते दार मार्गावर आलं. पाय लावतानाही तेच लक्षात ठेवायचं. पोकळ भागात मारलेला स्क्रू नुसता प्लायला लटकतो. खाली वेगळी चौकट करा आणि ती दाराच्या भरीव कडांना धरवा.

शिलाई मशीनचं स्टँड बहुतेक ओतीव लोखंडाचं असतं. ओतीव लोखंड वजन झेलतं, पण घाव सोसत नाही. गंजलेला बोल्ट हातोडीने ठोकलात तर स्टँडच तडकेल. गंज सैल करणारं तेल मारा, रात्रभर थांबा, मग पाना लावा. पायाखालची पट्टी आणि चाक फिरतं ठेवलंत तर लहान मुलांची बोटं त्यात सापडतात. मी पट्टी तारेने बांधून टाकली आणि चाकाचा पट्टा काढला.

ट्रंकेला पाय लावताना पत्र्याला थेट स्क्रू मारू नका. पत्रा पातळ असतो, भोक रुंदावत जातं आणि पाय फिरायला लागतो. आत तळाला प्लायचा तुकडा, बाहेर पाय, मध्ये पत्रा, आणि आरपार बोल्टला रुंद वायसर. झाकण हातावर आपटू नये म्हणून साखळी किंवा टेकू विसरू नका.

लाकूड अजून दमदार आहे हे कसं ओळखायचं?

बोटाने ठोकून आवाज ऐका. ठणठणीत लाकूड टणटण बोलतं, पोखरलेलं भद्द वाजतं. मग टोच्याने किंवा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने कडेला, सांध्यापाशी आणि पायाच्या तळाशी दाबून बघा. टोक अलगद आत गेलं की तो भाग गेला समजा. कुजणं जिथे पाणी थांबतं तिथूनच सुरू होतं.

एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही, किडे कधीच निघून गेलेले असू शकतात. वस्तू काळ्या कागदावर ठेवा आणि काही आठवडे पाहा. पिठासारखा ताजा भुगा पडला तर आत वस्ती आहे. तशी वस्तू घरातल्या इतर लाकडापासून लांब ठेवून आधी तिचा बंदोबस्त करा. वाळवीने खाल्लेलं लाकूड वरून धडधाकट दिसतं, आतून मातीच्या वाटा असतात. ते मी घेतच नाही.

प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यातलं काय वापरावं?

प्लायवूड आनंदाने वापरा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड जपून. दोन्ही लाकडाच्या चुऱ्याचे, गोंदाने दाबलेले. त्यांच्या कडेत मारलेला स्क्रू धरत नाही, एकदा निघाला की त्याच भोकात परत बसत नाही. पाणी पिऊन फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही, फुगलेला भाग कापूनच टाकावा लागतो. शिवाय यातल्या बऱ्याच बोर्डांच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटतो. हे बोर्ड कापाल तेव्हा उघड्यावर कापा आणि कापलेल्या कडा रंगाने किंवा पट्टीने बंद करा. उभा भार झेलणाऱ्या आतल्या भिंती, मागची बाजू अशा जागी ते चालतात. पायांसाठी कधीही नाही.

जुने खिळे लाकूड न फोडता कसे काढायचे?

उलट्या बाजूने. खिळ्याचं टोक बाहेर आलेलं असेल तर ते आधी पकडीने सरळ करा आणि त्यावर हातोडीचे हलके घाव घाला, म्हणजे पलीकडे डोकं पाव बोट वर येईल. आता लाकूड पालथं करा. हातोडीचा चिमटा डोक्याखाली सरकवा आणि हातोडीखाली लाकडाचा लहान ठोकळा ठेवा. ठोकळ्याशिवाय ओढलंत तर हातोडीचं डोकं फळीत रुतून खड्डा पाडतं, आणि खिळाही तिरका निघून भोक फाडतो. ठोकळा असला की खिळा सरळ वर येतो, कर्र असा आवाज करत. तो आवाज मला मनापासून आवडतो, का ते सांगता येणार नाही.

गंजून अडकलेला खिळा हलत नसेल तर त्याला आधी थोडा *आत* ठोका. गंजाची पकड सुटते, मग तो बाहेर यायला तयार होतो. डोकं तुटलेला खिळा काढायच्या भानगडीत न पडता खोल ठोकून वर लुकण, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरा, पण त्या जागेवर पेन्सिलीने खूण करा. रंधा किंवा करवत त्यावरून गेली तर पात्याचे दात जातात. शेवटी फळीवरून चुंबक फिरवायचा. एखादा खिळा राहिलेला असतोच.

पॅलेटचं लाकूड घरात वापरणं सुरक्षित आहे का?

पॅलेट म्हणजे माल रचून हलवायचा फळ्यांचा चौथरा. त्यावरचा शिक्का वाचून ठरवा. देशाबाहेर जाणाऱ्या लाकडी पॅकिंगसाठी २००२मध्ये आयएसपीएम १५ हा आंतरराष्ट्रीय नियम ठरला. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये हा त्याचा उद्देश. शिक्क्यात गव्हाच्या ओंबीची खूण, देशाची दोन अक्षरं आणि प्रक्रियेचा संकेत असतो. संकेत 'एचटी' असेल तर लाकूड तापवलेलं आहे. त्यात गाभ्याचं तापमान सलग ३० मिनिटं ५६ अंश सेल्सिअसला ठेवलेलं असतं. हे घ्या. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. ते घरासाठी नको. शिक्काच नसेल तर पॅलेट बहुधा देशातल्या देशात फिरलेलं असतं, पण त्यावर काय सांडलं ते कोण सांगणार? तेलाचे डाग किंवा औषधासारखा वास असेल तर शिक्का कितीही चांगला असो, सोडून द्या.

पॅलेट मोडणं फोटोत दिसतं तितकं सोपं नाही, हेही सांगून ठेवते. युरोपातल्या प्रमाणित पॅलेटचं माप १२०० बाय ८०० मिलिमीटर, त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे. हे खिळे निघू नयेत म्हणूनच मारलेले असतात. पहारीने उचकटलं की निम्म्या फळ्या टोकाला फाटतात. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापणारं पातं घालून खिळेच कापून टाकणं परवडतं.

जुना ऑइलपेंट घासून काढू का?

कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते आणि घासलं की ते धुळीबरोबर घरभर पसरतं. लहान मुलांच्या मेंदूला ते फार वाईट. हॉट गन किंवा ज्योतीने जाळणंही नको, वाफ श्वासात जाते. रंग पक्का बसलेला असेल तर तो तसाच राहू द्या. वरून हलकं ओलं घासून, प्राइमर मारून नवा रंग द्या. पापुद्रे सुटत असतील तर पाणी शिंपडत खरवडा, खाली प्लॅस्टिक पसरा आणि ते गुंडाळून फेका. गर्भवती बाई किंवा लहान मूल घरात असेल तर ती वस्तू न घेणंच उत्तम.

मापं काय ठेवायची?

खुर्चीची बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटर. जेवायचं किंवा लिहायचं टेबल ७३ ते ७६. दोन्हींतलं अंतर साधारण २८-३० सेंटिमीटर, आणि खालच्या आडव्या पट्टीने मांड्या अडता कामा नयेत. टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला निदान ६० सेंटिमीटर रुंदी हवी. पुस्तकांच्या फळीची खोली २५ ते ३०. सोफ्यासमोरचं टेबल ४० ते ४५ उंच.

गादी घालणार असाल तर बसल्यावर ती किती दबते ते वजा करून उंची धरा. घरातल्या ज्या खुर्चीवर सगळे न सांगता जाऊन बसतात, ती मोजा. ते माप वरच्या आकड्यांपेक्षा खरं.

मी केलेलं टेबल हलतं. काय चुकलं?

हलण्याचे दोन आजार आहेत आणि औषधं वेगवेगळी.

पहिला आजार म्हणजे चारपैकी एक पाय टेकत नाही. पण तो दोष जमिनीचाही असू शकतो. टेबल जागच्या जागी पाव वळसा फिरवा. पूर्वीचाच पाय अजून अधांतरी असेल तर पाय आखूड आहे. आता दुसरा पाय उचलला गेला तर जमीन खोलगट आहे. पाय आखूड असेल तर करवत हातात घेऊ नका! हलणं थांबेपर्यंत त्याखाली कागदाच्या घड्या सरकवा, ती जाडी मोजा आणि तेवढा लाकडाचा किंवा चामड्याचा तुकडा खाली चिकटवा. ज्याला हा प्रश्नच नको असेल त्याने तिवई करावी. तीन टोकं नेहमी एका प्रतलात बसतात, जमीन कशीही असो. फक्त कडेवर जोर दिला तर ती कलंडते, म्हणून पाय बाहेरच्या बाजूला फाकवायचे.

दुसरा आजार म्हणजे चारही पाय टेकलेत, तरी बाजूने ढकललं की टेबल झुलतं. अपसायकल केलेल्या दहातल्या आठ वस्तूंचं दुखणं हेच. कारण असं की फळीच्या चार कोपऱ्यांना पाय खालून स्क्रूने लावले, की प्रत्येक पाय ही एक लांब पहार होते. खाली थोडासा धक्का बसला तरी वरच्या स्क्रूवर त्याच्या कित्येक पट ताण येतो आणि भोक हळूहळू मोठं होत जातं. स्क्रू घट्ट करून चार दिवस बरं वाटतं. खरा उपाय म्हणजे दोन पायांच्या मध्ये, फळीच्या लगेच खाली, सात-आठ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उभी बसवायची. पाय फळीला न जोडता पट्टीला जोडायचा, दोन ठिकाणी, वर आणि खाली. रुंद पट्टी पायाला वाकू देत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर तिरकी पट्टी. चार काड्यांचा चौकोन हाताने दाबला की तिरपा होतो, तीन काड्यांचा त्रिकोण होत नाही. पुस्तकांच्या कपाटाला मागून पातळ प्लाय खिळ्यांनी ठोकणं म्हणजे तिरकी पट्टी लावण्यासारखंच. "मागे भिंतच आहे, दिसतंय कुणाला" म्हणत मागची बाजू उघडी ठेवलेलं कपाट एक दिवस सगळ्या पुस्तकांसकट बाजूला झोपतं.

फळी मधोमध वाकते. जाड घेऊ का?

जाडी वाढवणं किंवा अंतर कमी करणं, दोन्ही उपाय लागू पडतात. दोन्हींचा हिशोब मात्र अंदाजापेक्षा फार तीव्र आहे. तेवढंच वजन ठेवून दोन आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर फळी आठपट वाकते. आणि जास्तीची जागा पुस्तकांनी भरली, जी आपण भरतोच, तर सोळापट. उलट जाडी दुप्पट केली तर वाकणं आठव्या हिश्श्यावर येतं. भरलेल्या पुस्तकांच्या फळीवर दर मीटरला सहज ३० किलो असतात. १८ मिलिमीटरच्या प्लायसाठी आधारांमधलं अंतर ७० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नये असा माझा नियम आहे, पार्टिकल बोर्ड असेल तर त्याहून कमी.

जाड फळी मिळत नसेल तर पुढच्या कडेला चार सेंटिमीटर उंचीची पट्टी *उभी* चिकटवा आणि स्क्रूने आवळा. तीच पट्टी आडवी लावली तर जवळपास काहीच उपयोग नाही.

गोंद की स्क्रू?

दोन्ही. स्क्रू लाकडं दाबून ठेवतो, गोंद धरतो. पांढऱ्या गोंदाला तासभर क्लॅम्प आणि पूर्ण भार टाकण्याआधी २४ तास. गोंद रंगावर, मेणावर, तेलावर चिकटत नाही, त्यामुळे सांध्याच्या जागी ताजं लाकूड दिसेपर्यंत घासा. वाळलेल्या जुन्या गोंदावर नवा गोंदही चिकटत नाही. जुन्या खुर्च्यांत बहुतेक वेळा सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, असतो. गरम पाण्याचं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवलं तर तो मऊ होतो आणि सांधा न तुटता सुटतो.

स्क्रूआधी बारीक भोक पाडा, जुनं सुकं लाकूड नाहीतर फाटतं. पातळ तुकड्यातून जाड तुकड्यात मारा, आणि स्क्रूची दोन तृतीयांश लांबी जाड तुकड्यात उतरू द्या. फळीच्या टोकाकडून, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा तुटलेल्या दिसतात तिथे, ना गोंद नीट धरतो ना स्क्रू.

सगळं नीट जोडलं, तरी टेबलाचा वरचा भाग तडकला.

"तरी" नाही, नीट जोडला म्हणूनच. भरीव लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. लांबीत फरक जवळपास शून्य, रुंदीत काही मिलिमीटर. चारी बाजूंनी घट्ट आवळलं की त्याला हलायला जागा राहत नाही आणि ते स्वतःच चीर पाडून जागा करून घेतं. खालच्या पट्टीतली भोकं आडव्या दिशेने लांबट करा आणि स्क्रूखाली वायसर घाला. प्लायला ही अडचण नाही, त्याचे थर एकमेकांना आडवे असतात.

टायर आणि ड्रम?

टायरचं फर्निचर बाहेरच्या जागेसाठी बरं, घरात रबराचा वास येतो. आत पाणी साचून डास होतात, म्हणून तळाला भोकं पाडा. दोरी गुंडाळणार असाल तर आधी हिशोब करा, कारण दोरी नेहमी कमी पडते. ६० सेंटिमीटर व्यास, २० सेंटिमीटर उंची आणि एक सेंटिमीटर जाड दोरी धरली तर नुसत्या बाजूला ३८ मीटर जातात आणि वरच्या चकतीला आणखी २८.

पेट्रोल, रंग, थिनर असलं काही ठेवलेला लोखंडी ड्रम घरी कापायचा नाही. रिकामा दिसतो, पण आत वाफ असते आणि ग्राइंडरच्या एका ठिणगीने स्फोट होतो. धुतला असला तरी नाही. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वेल्ड करताना निघणाऱ्या धुराने ताप भरतो, तेही लक्षात ठेवा.

जुन्या कपड्यांनी खुर्ची विणता येते का?

येते, आणि सुंदर होते. जीन्स सगळ्यात चांगली. पायाच्या लांबीच्या दिशेने पाच-सहा सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा, त्या दिशेला कापड कमी ताणतं. कडा आत दुमडून शिवा. टी-शर्टचं ताणलं जाणारं कापड बसायला वापरलं तर आठवड्यात झोळी होते.

इथे सांगाड्याकडे कुणी पाहत नाही. घट्ट विणलेली बैठक बाजूच्या दांड्यांना आत ओढते आणि कुणी बसलं की ती ओढ कितीतरी वाढते. पातळ दांडे कमानीसारखे आत वाकतात, मग पट्ट्या सैल पडतात. समोरासमोरच्या दांड्यांच्या मध्ये खालून एक आडवा दांडा टाका. विणणं झाल्यावर पट्ट्यांची टोकं लगेच कापू नका, महिन्याभराने एकदा पुन्हा ओढून घ्यावी लागतात.

बाहेरून आणलेली गादीची खुर्ची घरात घेण्याआधी शिवणींमध्ये बारीक काळे ठिपके आहेत का ते टॉर्चने पाहा. ती ढेकणांची विष्ठा असते. जुना फोम बोटाने चुरगळला की पावडर होत असेल तर त्याचा मोह नको.

पुठ्ठ्याचं फर्निचर टिकतं का?

वाटतं त्यापेक्षा जास्त. वास्तुकार फ्रँक गेरी यांनी १९७२मध्ये थरांवर थर चिकटवून नालीदार पुठ्ठ्याची खुर्ची केली. थरांतल्या नाल्या एकमेकांना आडव्या ठेवणं हीच त्यातली खुबी, प्लायसारखीच. पाणी लागलं की मात्र खेळ संपला.

शेवटी तेल, पॉलिश की रंग?

सुंदर रेषा असतील तर तेल किंवा पॉलिश, तीन प्रकारचं लाकूड जोडलेलं असेल तर सरळ रंग. अळशीचं तेल लावलेली फडकी चुरगळून टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, घडीत ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेतं. बाहेर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

मुलांसाठी काय करू नये?

पाळणा किंवा बाळाचा कठड्याचा पलंग घरी करू नये, जुना दुरुस्तही करू नये. बाकीच्या वस्तूंत साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटी टाळा, अंग जातं आणि डोकं अडकतं. ड्रॉवरचं कपाट भिंतीला पक्कं करा. मुलं ड्रॉवर उघडून त्यांच्या पायऱ्या करतात, आणि दोन-तीन ड्रॉवर एकदम पुढे आले की कपाट अंगावर येतं.

विकत घेण्यापेक्षा स्वस्त पडतं का?

पहिलं नाही. स्क्रू, सँडपेपर, गोंद, पॉलिश हे सगळं विकतच घ्यावं लागतं, आणि वेळेचा हिशोब तर न केलेलाच बरा. दोन शनिवार-रविवारचं काम म्हणून काढलेलं माझं दाराचं टेबल सात आठवडे बैठकीत उलटं पडून होतं.

उरलेल्या तुकड्यांचं काय?

वीतभर लांबीच्या वरचे ठेवा, सरळ पट्ट्या वेगळ्या आणि पाचरी वेगळ्या. बाकीच्यांपैकी रंगवलेले, औषध लावलेले आणि एमडीएफचे तुकडे चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, धूर विषारी असतो. आणि वितीच्या आतले तुकडे "कधीतरी लागतील" म्हणून साठवू नका. माझ्याकडे असा एक अख्खा खोका आहे. तो ठेवायला मी वेगळी फळी केली.